मशीन किती सीसीची, हे सगळ्यात शेवटी विचारा



पाऊस ओसरला आणि जुन्या कलमांच्या छाटणीचे दिवस आले की दर दोन दिवसांनी मला एक फोन येतोच. "काका, लाकूड कापायची मशीन घ्यायचीय. ५२ सीसीची घेऊ का ५८ ची?" गेली काही वर्षं मी एकच उत्तर देतोय आणि ते कुणालाच आवडत नाही. आज सगळं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती ही पोस्ट पाठवता येईल.

माझं उत्तर असं आहे. सीसी शेवटी बघू, आधी तीन गोष्टी सांग. चेनला धार कोण लावणार? सुटे भाग आणि दुरुस्ती किती किलोमीटरवर मिळणार? आणि मशीन हातात असताना तुझ्या पायात आणि मांडीवर काय असणार? या तिन्हीला उत्तर नसेल तर मशीन घेऊ नकोस. माहितगार कटरवाला बोलव, दोन दिवसांची मजुरी दे आणि मोकळा हो.

हे शहाणपण मला उशिरा आलं, आणि त्याची किंमत मी मोजली नाही, दुसऱ्याने मोजली. म्हणून आधी ती गोष्ट सांगतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे किनाऱ्याला लागलं आणि आमचा दापोली तालुका दिवसभर झोडपून काढला. संध्याकाळी बाहेर आलो तर आगर ओळखू येईना. माड मधूनच मोडलेले, पोफळी एकमेकींवर आडव्या, आजोबांनी लावलेली हापूसची कलमं मुळासकट उपटलेली. रस्ते बंद, लाईट नाही, फोनला रेंज नाही. तालुक्याला जायची वाट मोकळी झाल्यावर मी पहिली काय खरेदी केली असेल, तर ५८ सीसीची, २२ इंची पट्टीची मशीन. स्वस्त मिळाली, दुकानात एवढी एकच उरली होती. वाडीत तेव्हा आणखी चार जणांनी तशाच आणल्या.

मशीन वाईट होती असं मी म्हणणार नाही. वाईट मी होतो. धार लावायची असते हे मला दहा दिवस माहीतच नव्हतं. चेन कापेना झाली की मी अंगाचा जोर लावायचो. चेनच्या टाकीत पॉवर टिलरचं काळं जळकं ऑईल ओतायचो. पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल अंदाजाने, झाकणाने मोजून. आणि माड कापून कापून आतल्या झाकणाखाली काथ्याचा तेलकट लगदा साचला होता, तो एकदाही उघडून काढला नाही.

हँडलसमोर काळी ढाल असते ना, ती पुढे ढकलली की चेन जागच्या जागी थांबायला पाहिजे. तोच चेन ब्रेक. माझ्या मशीनचा ब्रेक धरत नाही, हे दोन दिवस आधी माझ्या लक्षात आलं होतं. म्हटलं, कामं उरकू दे, मग बघू.

शेजारचा पोरगा आला. "काका, जरा मशीन द्या, पडवीवरच्या फणसाच्या फांद्या काढतो." दिली. तो चपलांवर, हाफ पँटीत. फांदी कापताना पट्टीचं टोक मागच्या दुसऱ्या फांदीला टेकलं आणि मशीन उलटी उसळून अंगावर आली. ब्रेक लागला नाही. डाव्या गुडघ्याच्या वर चेन बसली. दोघांनी मध्ये धरून मोटारसायकलवर बसवला आणि कापलेल्या झाडांमधून वाट काढत दवाखान्यात नेला. पोरगा वाचला, चालतो, कामही करतो. पण उकिडवा बसता येत नाही त्याला, आणि झाडावर चढणं संपलं. आंब्याच्या गावात पंचविशीतला पोरगा झाडावर चढू शकत नाही म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

तो मला आजही काका म्हणतो. एका शब्दाने बोलला नाही कधी. ब्रेकची गोष्ट मला माहीत होती, हे मी त्याला वर्षभराने सांगितलं.

असो. आता कामाचं बोलू.

धार

मशीनची ताकद इंजिनात कमी आणि चेनच्या दातात जास्त असते. धारदार चेनची ३२ सीसीची मशीन बोथट चेनच्या ५८ सीसीपेक्षा लवकर कापते, हे मी दोन्ही चालवून सांगतोय. धार गेली हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. खाली पडतंय ते बघा. जाडसर कीस पडतोय तर धार आहे, पिठासारखा भुसा पडतोय तर गेली. मशीन स्वतःहून लाकडात उतरत नसेल, तुम्हाला दाबावं लागत असेल, तर थांबा. काप एका बाजूला तिरका जात असेल तर एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा बोथट किंवा आखूड झालेत, नाहीतर पट्टीची कड झिजलीय.

धार लावायला गोल कानस लागते, पण कुठलीही नाही. छोट्या मशीनवर बहुतेक वेळा थ्री-एट लो प्रोफाइल चेन असते, तिला ४ मिमीची कानस. मोठ्या स्वस्त मशीनवर बहुधा .३२५ ची चेन असते, तिला ४.८ मिमीची. चेनच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, पाकीट फेकू नका. दाताच्या पाठीवर एक तिरकी रेघ असते, बहुतेक चेनला ३० अंशाची. कानस त्या रेघेला समांतर धरायची. आतून बाहेर ढकलायची, परत येताना उचलून घ्यायची. करवतीसारखी मागे-पुढे घासली तर कानसही जाते आणि दातही. प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात. एका बाजूचे सगळे झाले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. सगळ्यात आखूड झालेला दात शोधा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणा.

किती वेळा? मी पेट्रोलची टाकी भरताना प्रत्येक वेळी कानस फिरवतो, पाच मिनिटं लागतात. आणि चेन मातीला किंवा दगडाला एकदा जरी लागली, तरी लगेच. आपल्या जांभ्याच्या जमिनीत आडव्या खोडाचा शेवटचा इंचभर काप हाच चेनचा काळ असतो. खोड वर उचलून खाली ओंडका सरकवा, नाहीतर वरून बरंच कापून खोड फिरवा आणि मग उरलेलं कापा. पडलेल्या झाडाच्या सालीवर चिखल असेल तर आधी खराटा मारा.

दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो. तो दात किती खोल चावणार ते ठरवतो. दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली हवा. चार-पाच वेळा धार लावली की चपट्या कानशीने थोडा उतरवावा लागतो, त्याचं माप मिळतं, ते घ्या. अंदाजाने जास्त उतरवलात तर चेन लाकूड ओरबाडते आणि मशीन उसळायचा धोका वाढतो.

तेल आणि पेट्रोल

जळकं ऑईल चेनला घालू नका. त्यात धातूचा बारीक कीस असतो, तो पट्टी आणि ऑईल पंप दोन्ही खातो. पातळ झालेलं असतं म्हणून चेनवर टिकत नाही, उडून आपल्याच तोंडावर आणि झाडाच्या ताज्या जखमेवर बसतं. चेनचं चिकट ऑईल महाग वाटतं, पण एक पट्टी वाचली की त्याचे पैसे वसूल. तेल येतंय का ते रोज बघा. मशीन चालू करून पट्टीचं टोक एखाद्या फिकट ओंडक्यावर वीतभर अंतरावरून धरा, तेलाची रेघ उमटली पाहिजे. पेट्रोलची टाकी संपली तरी ऑईलची टाकी जवळजवळ भरलेलीच असेल, तर तेलाचं भोक भुशाने बुजलंय.

पट्टीचं खाचरं दर दोन-तीन दिवसांनी पातळ पात्याने साफ करा आणि पट्टी उलटी करून लावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. चेन एवढी ताणा की पट्टीच्या खालच्या कडेला टेकेल, पण हातमोजा घालून हाताने सरकेल. संध्याकाळी काम संपलं की चेन सैल करून ठेवा. गरम असताना ताणलेली चेन थंड झाली की आखडते आणि भार क्रँकच्या बेअरिंगवर येतो.

पेट्रोलचं मिश्रण मापानेच. ५० ला १ सांगितलं असेल तर एका लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. मशीनचं पुस्तक आणि ऑईलची बाटली, दोन्ही वाचा. मी औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणलीय. ऑईल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, माझी पहिली मशीन तशीच गेली.

आणि इथेनॉल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवेत पाण्याची काय कमी? टाकीत पेट्रोल ठेवून मशीन जूनमध्ये कोपऱ्यात ठेवली की ऑक्टोबरात ती चालू होत नाही. कार्बोरेटर उघडला तर आतला रबरी पडदा पापडासारखा कडक झालेला. म्हणून आठवडाभरापेक्षा जास्त थांबायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. एका वेळी लागेल तेवढंच मिश्रण बनवा.

चालू होत नाही तेव्हा

दोरी ओढून ओढून खांदा निखळायच्या आधी प्लग काढा. प्लग ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय. चोक बंद करा, प्लग पुसा, प्लगच्या भोकाकडून तोंड बाजूला ठेवून चार वेळा दोरी ओढा, मग प्लग लावा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही. टाकीतला छोटा फिल्टर बघा, पाईपला चीर गेलीय का बघा, मग कार्बोरेटर. प्लगचा रंग फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळाकुट्ट असेल तर ऑईल जास्त किंवा एअर फिल्टर भुशाने भरलाय. पांढराफटक असेल तर मशीन लगेच थांबवा, इंजिन कोरडं चालतंय, आज ना उद्या जाम होणार.

कार्बोरेटरवर तीन स्क्रू असतात. हळू चालण्याचा स्क्रू आपण फिरवायला हरकत नाही. रेस सोडल्यावरही चेन फिरत असेल तर त्यानेच कमी करा. तरी फिरत राहिली तर क्लचची स्प्रिंग गेली, काम थांबवा. पण एच लिहिलेल्या स्क्रूला हात लावू नका. "जरा जोर वाढतोय का बघू" म्हणून तो पिळल्याने फुटलेल्या मशीन मी पाहिल्यात.

माड किंवा पोफळ कापली असेल तर दिवसातून दोनदा बाजूचं झाकण उघडा. काथ्या क्लचभोवती आणि ब्रेकच्या पट्ट्यात गुंडाळला जातो. आंबा कापणाऱ्याला हा त्रास एवढा होत नाही, म्हणून घाटावरचे लोक हे सांगत नाहीत. आपण कोकणातल्यांनी एकमेकांना सांगायला पाहिजे.

आणि रोज सकाळी पहिलं काम, ब्रेक. मशीन दोन्ही हातांनी घट्ट धरून चालू करा, रेस द्या, मनगटाने ढाल पुढे ढकला. चेन तिथल्या तिथे थांबली तर कामाला लागा. नाही थांबली तर मशीन घरी. यात "नंतर बघू" नाही.

अंगावर काय

चेन सेकंदाला पंधरा-वीस मीटरने पळते. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा कशाला टेकला की मशीन आपल्याकडे उसळते, आणि आपल्याला कळायच्या आत ती पोचलेली असते. त्यामुळे टोक कुठे आहे ते कायम नजरेत हवं. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या हँडलच्या खालून वळलेला हवा. खांद्याच्या वर मशीन न्यायची नाही. शिडीवर उभं राहून तर अजिबात नाही.

चेनसॉसाठी मांडीवर बांधायचं जाड संरक्षक मिळतं. त्याच्या आत लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की ते धागे ओढले जाऊन चाकात अडकतात आणि चेन थांबते. लोक म्हणतात उकडतं. उकडतं, खरंय. म्हणून मागून उघडं असलेलं घ्या आणि मशीनचं काम सकाळी सात ते दहा करा. पायात बूट, डोळ्याला जाळी किंवा चष्मा, डोक्याला हेल्मेट, कानात बोळे. मशीनच्या किमतीत दोन हजार वाचवायला आपण दहा दुकानं फिरतो आणि यातलं एकही घेत नाही.

वादळात पडलेल्या झाडाचं वेगळंच. त्यात ताण भरलेला असतो. वाकलेली फांदी कापताना आधी दबलेल्या बाजूने थोडा काप द्या, मग ताणलेल्या बाजूने हळूहळू. उलटं केलंत तर पट्टी अडकेल किंवा फांदी फाटून तोंडावर येईल. मुळासकट पडलेल्या झाडाचं खोड कापलं की मुळांचा गड्डा धाडकन परत सरळ उभा राहू शकतो. त्या खड्ड्यात माणूस, पोर, कुत्रं, कुणी नको.

मग कोणती घ्यायची

आंबा-काजूची बाग असेल आणि वर्षाला पंधरा-वीस दिवस काम असेल, तर ३० ते ४० सीसीची, १४ ते १६ इंची पट्टीची, नुसतं इंजिन चार-साडेचार किलोचं असेल अशी मशीन पुरे. दोन्ही बाजूंनी काप घेतला तर पट्टीच्या लांबीपेक्षा बरंच जाड खोड निघतं. जड मशीनने दुपारी हात थरथरायला लागतात आणि अपघात तेव्हाच होतात. पैसे जास्त पडले तरी चालतील, पण तिचा डायफ्राम, प्लग, चेन, क्लच तालुक्याच्या गावी मिळतो का, ते विकत घेण्याआधी दुकानात स्वतः विचारून या.

स्वस्त मोठी मशीन कुणी घ्यावी? ज्याला ती स्वतः उघडता येते त्याने. तिचे भाग सगळीकडे आणि स्वस्त मिळतात, फवारणी पंप दुरुस्त करणाराही ती खोलतो, हा तिचा मोठा गुण. रोज ओंडके कापणाऱ्याला ती परवडते. पण स्टिकरवरचा सीसीचा आकडा बघून घेऊ नका.

तीन-चार इंचापर्यंतच्या फांद्यांना बॅटरीवरची छोटी करवत चांगली. पण तीही चेनसॉच आहे. एका हातात मावते म्हणून दुसऱ्या हाताने फांदी धरायचा मोह होतो, तो टाळा. आणि झाडावर चढून करायच्या कामाला ओढून कापणारी वाकडी हातकरवत, दुसरा मार्ग नाही. लांब दांड्याची करवत वापरत असाल तर आधी वर विजेची तार बघा. फांदी उतरवायला विहिरीचा जुना नायलॉनचा दोर नको, त्याचं आयुष्य कधीच संपलेलं असतं.

जुन्या हापूसचं पुनरुज्जीवन करताना जाड फांदीला तीन काप. पहिला खालून, खोडापासून हात-दीड हात लांब, थोडाच. दुसरा त्याच्या जरा पुढे वरून, म्हणजे फांदी साल न सोलता पडते. तिसरा उरलेल्या खुंटाचा, फांदीच्या बुडाशी फुगीर कडं असतं ते न दुखावता. बोथट चेनने फाटलेली साल म्हणजे भिरुडाला आवतण. कापल्यावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा, मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर.

शेवटचं, आणि हे कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या मंडळींसाठीही. मी आजवर छाटणीची जेवढी प्रात्यक्षिकं बघितली, त्यात किती उंचीवर कापायचं, कुठला महिना, कुठली पेस्ट, सगळं नीट सांगितलं. कानस कशी धरायची आणि ब्रेक कसा तपासायचा हे एकातही नाही. मशीन चालवायला तिथे बाहेरचा कटरवाला असतो, आणि तोही चपलांवर. साहेब, झाडाला जपायला शिकवता तसं माणसालाही जपायला शिकवा. अर्धा तास जादा लागेल.

आणि आपल्यासाठी, पाच घरांत पाच मशीन नकोत. आम्ही आता वाडीत पाच जणांत एक चांगली मशीन ठेवलीय, सोबत मांडीचं संरक्षक, हेल्मेट, कानशींचा संच. धार लावायला दोन पोरं तयार केलीत. नियम एकच, संरक्षक बांधल्याशिवाय मशीन घराबाहेर जात नाही. मागायला मालक आला तरी.

त्या दोन पोरांना धार लावायला कुणी शिकवलं, सांगू? त्याच पोराने. झाडावर चढता येत नाही म्हणून तो खाली बसून कानस शिकला, आज आमच्याकडे त्याच्यासारखी धार कुणाची नाही. उकिडवा बसता येत नाही, म्हणून त्याला मी ओंडक्याचं एक उंच बैठं करून दिलंय. एवढंच माझ्याकडून झालं.

तुमच्या मशीनचा ब्रेक आज तपासा. उद्या नको.